वाचकांचे प्रश्न : तेलातले बाक आणि रक्तातली चरबी

मागच्या अंकातल्या जवस, अक्रोड आणि सोयाबीन तेलावरच्या टिपणाला बरीच पत्रं आली, त्यातली बहुतेक इंदूरचीच. सारखे प्रश्न एकत्र करून ही उत्तरं दिली आहेत.

डिसेंबरात गॅलरीतलं तूप दगडासारखं होतं, शेंगदाणा तेल गढुळतं, सोयाबीन तेल मात्र पातळच राहतं. तिन्ही स्निग्धच, मग फरक कशाचा? आणि ओमेगा-३, ओमेगा-६ हे आकडे त्यात कुठे बसतात?
— एक वाचक, लोकमान्यनगर

फरक रेणूच्या आकाराचा आहे. तेल काय, तूप काय, दोन्ही मुख्यतः ट्रायग्लिसराइडच. ग्लिसरॉलच्या छोट्या कण्याला मेदाम्लांच्या तीन साखळ्या अडकवल्या की ट्रायग्लिसराइड झालं. प्रत्येक साखळी कार्बनची. तिच्या एका टोकाला आम्लगट असतो, त्याला डोकं म्हणू. दुसऱ्या टोकाला मिथाइल गट, ती शेपटी. साखळीतले सगळे बंध एकेरी असले तर ती सरळ पसरू शकते आणि अशा साखळ्या अगरबत्तीच्या काड्यांसारख्या एकमेकींना चिकटून बसतात. ही संतृप्त मेदाम्लं. मध्ये दुहेरी बंध आला की साखळीला तिथे सुमारे ३० अंशांचा बाक येतो, कारण वनस्पती तेलांतला दुहेरी बंध स्वभावतः ‘सिस’ घडणीचा, म्हणजे साखळीचे दोन्ही भाग बंधाच्या एकाच बाजूला असलेला, असतो. वाकड्या काड्यांची जुडी कितीही आवळली तरी सैलच राहते.

या सैलपणाचा परिणाम किती मोठा, ते १८ कार्बनची चार मेदाम्लं शेजारी ठेवली की दिसतं. एकही बाक नसलेलं स्टिअरिक आम्ल ६९ अंश सेल्सिअसला वितळतं. एक बाक असलेलं ओलेइक १३ अंशांना, दोन बाकांचं लिनोलेइक उणे ५ ला आणि तीन बाकांचं अल्फा-लिनोलेनिक उणे ११ ला. लांबी तीच, कार्बन तेवढेच. फरक फक्त बाकांचा. तुपात साठ टक्क्यांहून जास्त वाटा संतृप्त मेदाम्लांचा, म्हणून ते थिजतं. शेंगदाणा तेलात ओलेइक भरपूर, पण २० ते २४ कार्बनच्या लांब संतृप्त साखळ्याही थोड्या असतात. थंडीत आधी त्या थिजतात आणि तेल गढूळ दिसतं. ते खराब झालेलं नसतं, डबा उन्हात ठेवला की पुन्हा स्वच्छ होतं. सोयाबीन तेलात निम्म्याहून जास्त लिनोलेइक, म्हणून इंदूरची थंडी त्याला पुरत नाही.

आता ओमेगा. ग्रीक वर्णमालेतलं ते शेवटचं अक्षर, म्हणून मोजणी शेपटीकडून. शेपटीपासून तिसऱ्या कार्बनवर पहिला दुहेरी बंध असेल तर ओमेगा-३, सहाव्यावर असेल तर ओमेगा-६, नवव्यावर असेल तर ओमेगा-९. शेपटीकडूनच का मोजायचं? कारण शरीर साखळी लांबवतं किंवा तिच्यात नवे दुहेरी बंध घालतं ते सगळं डोक्याच्या बाजूला. शेपटीकडच्या भागात बंध घालणारी दोन एन्झाइमं वनस्पतींकडे आहेत, आपल्याकडे नाहीत. त्यामुळे ओमेगा-६ आलं ते ओमेगा-६ च राहतं; शरीरात त्याचं ओमेगा-३ होत नाही. याच कारणाने लिनोलेइक आणि अल्फा-लिनोलेनिक अन्नातून घ्यावीच लागतात. १९२९ मध्ये जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर यांनी उंदरांच्या खाण्यातून चरबी पूर्ण काढून टाकली, तेव्हा त्यांची कातडी खवल्यांसारखी झाली आणि वाढ खुंटली. ‘आवश्यक मेदाम्लं’ ही कल्पना तिथून आली.

जवसाचं तेल आणलं, भाजीच्या फोडणीला वापरलं, तर घरभर मासळीसारखा वास. आम्ही शाकाहारी. तेलात भेसळ असेल का?
— एक वाचक, सुदामानगर

भेसळीची शक्यता कमी. वास तेलाचाच, बिघडलेल्या ओमेगा-३ चा.

दोन दुहेरी बंधांच्या मध्ये सापडलेल्या कार्बनवरचे हायड्रोजन फार सैल धरलेले असतात. उष्णता, उजेड किंवा लोखंड-तांब्याचा अंश मिळाला की त्यातला एक निसटतो, त्या जागी हवेतला ऑक्सिजन बसतो, आणि ती साखळी शेजारच्या साखळीचा हायड्रोजन खेचते. अशी ओळीने आग लागत जाते. असे कमकुवत सांधे किती, हे मोजायला सोपं आहे : दुहेरी बंधांच्या संख्येतून एक वजा करा. ओलेइकमध्ये शून्य, लिनोलेइकमध्ये एक, अल्फा-लिनोलेनिकमध्ये दोन, माशाच्या तेलातल्या डीएचए या ओमेगा-३ मेदाम्लात पाच. म्हणून ही तेलं त्याच चढत्या क्रमाने, आणि एकेका पायरीला कितीतरी पटीने भराभर, खवट होतात.

साखळी तुटते कुठे, यावर वास ठरतो. ओमेगा-६ च्या तुटलेल्या शेपटीतून सहा कार्बनचं हेक्झॅनल निघतं, त्याला जुन्या शेंगदाण्याचा वास असतो. ओमेगा-३ तुटलं की प्रोपॅनल आणि हेप्टाडायनलसारखी अल्डिहाइडं निघतात, त्यांचा वास मासळीचा किंवा ऑइलपेंटचा. ऑइलपेंट ही उपमा नुसती नाही. तैलरंग वाळतो तो जवसाच्या तेलातल्या याच क्रियेने, तेच तेल, तोच ऑक्सिजन. (जवसाच्या तेलाचा बोळा किंवा फडकं गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, आतल्या आत तापून पेट घेतल्याची उदाहरणं आहेत.)

न शुद्ध केलेल्या जवसाच्या तेलाला सुमारे १०७ अंशांनाच धूर सुटतो. फोडणीचं तेल सहज १७० च्या वर जातं. तेव्हा ते आचेवर चढवायचंच नाही. भाकरीबरोबरच्या कोरड्या चटणीवर, वरणावर किंवा कोशिंबिरीवर वरून चमचाभर, बस. बाटली गडद काचेची, शंभर ते अडीचशे मिलीलिटरची घ्या, फ्रिजमध्ये ठेवा, उघडल्यावर महिना-दीड महिन्यात संपवा. पितळी किंवा लोखंडी भांड्यात काढून ठेवू नका. आणि तुमच्या त्या बाटलीचा गार असतानाच वास घेऊन पाहा. तेव्हाही मासळी येत असेल तर ती दुकानातच खवट झाली होती.

तेलापेक्षा अख्खं जवस आम्हाला जास्त सोयीचं वाटतं. बी सालात बंद असतं तोवर हवा लागत नाही. पाव किलो जवस मंद आचेवर पाच-सहा मिनिटं, तडतडायला लागेपर्यंत भाजा, पूर्ण गार होऊ द्या, मग लसूण, जिरं, सुकी मिरची, मीठ घालून मिक्सर थांबवत-थांबवत फिरवा. सलग फिरवलं तर तेल सुटून लगदा होतो. गरम असताना दळलं तर वाफ धरते, चटणी चार दिवसांत वास मारते. एका वेळी आठ-दहा दिवसांचीच करा. न दळता अख्खंच गिळलं तर चिवट सालामुळे बरंचसं जसंच्या तसं बाहेर पडतं.

रोज एक मोठा चमचा जवसाची पूड घेते, दोन महिने झाले. ट्रायग्लिसराइड २८० होतं ते २७० झालं. ओमेगा-३ ने उतरतं म्हणतात, मग माझं का उतरत नाही?
— एक वाचक, राजेंद्रनगर

कारण ट्रायग्लिसराइड उतरवणारं ओमेगा-३ वेगळं, आणि जवसातलं वेगळं. पाकिटावर दोन्हींना एकच नाव लावतात, तिथेच घोटाळा होतो.

जवसातलं अल्फा-लिनोलेनिक (एएलए) १८ कार्बनचं, तीन दुहेरी बंधांचं. यकृतावर काम करणारी ईपीए २० कार्बनची, पाच बंधांची आणि डीएचए २२ कार्बनची, सहा बंधांची. एएलएपासून ईपीए करायला आधी एक बंध घालावा लागतो, मग साखळी दोन कार्बनने लांबवावी लागते, मग आणखी एक बंध. पहिल्याच दारावर डेल्टा-६ डिसॅच्युरेझ नावाचं एन्झाइम बसलेलं, आणि त्याच दारातून ओमेगा-६ चं लिनोलेइकही जातं. आपल्या जेवणात लिनोलेइक कितीतरी पट जास्त, त्यामुळे रांगेत तेच पुढे. शिवाय एएलएचा मोठा हिस्सा दारापर्यंत पोचतच नाही, इंधन म्हणून जळून जातो.

हिशेब करू. एक मोठा चमचा पूड म्हणजे सुमारे ७ ग्रॅम, त्यात १.६ ग्रॅम एएलए. त्याचं ईपीए होतं शंभरात पाच ते आठ. पाच धरले तर ८० मिलीग्रॅम. स्त्रियांमध्ये इस्ट्रोजेनमुळे थोडं जास्त होतं. डीएचएपर्यंत पोचणारा वाटा पुरुषांत टक्काभरही नसतो. आणि ट्रायग्लिसराइड २० ते ३० टक्के उतरवायला ईपीए-डीएचए मिळून रोज ३ ते ४ ग्रॅम, म्हणजे ३००० ते ४००० मिलीग्रॅम लागतात. जवसाने हे अंतर भरून निघणार नाही, चमचे कितीही वाढवले तरी.

त्या डोसला ईपीए आणि डीएचए करतात काय? यकृतात साखरेपासून आणि पिठापासून चरबी बनवणारी जनुकं एसआरईबीपी-१सी हे प्रथिन चालू करतं. लांब, बहुबंधी साखळ्या त्याला आवर घालतात. दुसरीकडे पीपीएआर-अल्फा या प्रथिनाला चिकटून त्या चरबी जाळणारी एन्झाइमं वाढवतात. यकृतात शिल्लक चरबी कमी, म्हणून ती वाहून नेण्यासाठी रक्तात सोडायचे व्हीएलडीएल नावाचे कणही कमी. याशिवाय रक्तातल्या कणांमधलं ट्रायग्लिसराइड तोडणाऱ्या लायपोप्रोटीन लायपेझचं कामही वेगाने होतं.

तेव्हा जवस चालू ठेवा, तंतू आणि आवश्यक एएलए दोन्ही मिळतात, फक्त त्याच्याकडून औषधाची अपेक्षा नको. २७० च्या पातळीला खरा फरक पडतो साखर आणि मैदा कमी केल्याने. सकाळच्या पोह्यांबरोबरची जिलबी, दुपारचा गोड चहा, रात्रीचा फळांचा रस, हा सगळा एसआरईबीपी-१सी चा खुराक. वजन पाच ते दहा टक्के उतरलं तर ट्रायग्लिसराइड साधारण २० टक्के उतरतं. दारू असेल तर ती बंद. साखर आणि थायरॉइड तपासून घ्या. थायरॉइड मंद असेल तर खाणं कितीही सुधारा, आकडा अडून बसतो. ५०० च्या वर गेला तर स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका असतो, तेव्हा घरगुती प्रयोग न करता डॉक्टरकडे.

आमच्याकडे सगळं सोयाबीन तेलात. त्यात ओमेगा-६ जास्त, ते सूज वाढवतं असं वाचलं. तेल बदलावं का?
— एक वाचक, तिलकनगर

एवढ्यासाठी नको. सोयाबीन तेलात लिनोलेइक पन्नासेक टक्के, हे खरं, पण सुमारे ७ टक्के एएलएही असतं. सूर्यफुलात आणि शेंगदाण्यात ते नसल्यातच जमा. एका माणसाच्या पोटात दिवसाला चार छोटे चमचे तेल जातं असं धरलं, म्हणजे १८ ग्रॅम, तर एएलए सव्वा ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न-कृषी संघटनेच्या २०१० च्या शिफारशीत एएलए किमान अर्धा टक्का ऊर्जेइतकं हवं, म्हणजे २००० कॅलरीच्या जेवणात १.१ ग्रॅम. माळव्यातलं घर नकळत तिथे पोचलेलं असतं. सूर्यफुलावर गेलात तर तेवढंही जाईल.

सुजेचं म्हणाल तर लिनोलेइकपासून अॅराकिडोनिक आणि त्यापासून सूज आणणारी द्रव्यं बनतात, हा मार्ग खरा आहे. पण शरीर तो मार्ग आखडून ठेवतं. लिनोलेइक जास्त खाल्लं म्हणून रक्तातलं अॅराकिडोनिक त्या प्रमाणात वाढत नाही. उलट संतृप्त चरबीच्या जागी लिनोलेइक आलं की रक्तातलं एलडीएल (‘वाईट’ कोलेस्टेरॉल) टिपून घेणारे यकृतावरचे ग्राहक वाढतात आणि एलडीएल उतरतं. ओमेगा-६ ला ओमेगा-३ ने भागून गुणोत्तर काढत बसण्यापेक्षा ओमेगा-३ पुरेसं येतंय का, एवढंच पाहा.

फिश ऑइलच्या गोळीवर १००० मिलीग्रॅम लिहिलंय. रोज एक पुरे ना? शाकाहाऱ्यांना पर्याय आहे का?
— दोन वाचक, विजयनगर

१००० हे माशाच्या तेलाचं वजन. डबीच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात पाहा : साध्या गोळीत बहुतेक वेळा ईपीए १८० आणि डीएचए १२०, मिळून ३००. वर सांगितलेले ३ ग्रॅम हवे तर अशा दहा गोळ्या लागतील, म्हणून ट्रायग्लिसराइडसाठी डॉक्टर शुद्ध, जास्त तीव्रतेचं औषध लिहून देतात.

दुसरं, घडण बघा. ‘इथाइल एस्टर’ लिहिलं असेल तर ग्लिसरॉलचा कणा काढून साखळ्या अल्कोहोलला जोडलेल्या आहेत. स्वादुपिंडाचं लायपेझ असे बंध सावकाश तोडतं, त्यामुळे ही गोळी रिकाम्या पोटी वाया जाते. जेवणात तूप-तेल असेल तेव्हाच घ्या. ‘ट्रायग्लिसराइड’ घडणीची गोळी जास्त सहज शोषली जाते. विकत घेतल्यावर एक गोळी कापून वास घ्या. हलका माशाचा चालेल, घशात खवखवणारा नको.

शाकाहाऱ्यांसाठी शेवाळाचं तेल मिळतं. मासेही डीएचए स्वतः फारसं बनवत नाहीत, ते शेवाळातूनच त्यांच्याकडे येतं, तेव्हा हा मूळ स्रोतच.

मात्र हृदयाच्या विम्यासारखी गोळी घेऊ नका. निरोगी लोकांत रोज एक ग्रॅम देऊन पाहणाऱ्या व्हायटल चाचणीत (२०१८) मुख्य निकषांवर फायदा दिसला नाही. त्याच वर्षीच्या रिड्यूस-इट चाचणीत जास्त धोक्याच्या रुग्णांना रोज ४ ग्रॅम शुद्ध ईपीए देऊन हृदयविकाराच्या घटना चतुर्थांश कमी झाल्या, पण तिथे तुलनेच्या गटाला खनिज तेल दिलं होतं, त्यावर वाद आहे. ईपीए-डीएचए मिश्रणाच्या स्ट्रेंथ चाचणीत (२०२०) फायदा आढळला नाही. आणि मोठ्या डोसला हृदयाची लय बिघडण्याचं, एट्रियल फिब्रिलेशनचं, प्रमाण वाढतं. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर विचारल्याशिवाय अजिबात नको.

दिवाळीच्या शेवेचं तेल उरतं, मग हिवाळ्यात त्यातच गराडू (आपल्याकडचा कंद) तळतो. परत तापवल्याने ट्रान्स फॅट होतं का?
— एक वाचक, परदेशीपुरा

ट्रान्स फारच थोडं होतं. ट्रान्स म्हणजे दुहेरी बंध तसाच ठेवून बाक जवळजवळ सरळ होणं. ओलेइक १३ अंशांना वितळतं, त्याचाच ट्रान्स भाऊ इलेडिक ४४ च्या आसपास. त्याचं मोठं उगमस्थान म्हणजे निकेल उत्प्रेरक आणि हायड्रोजन वापरून अर्धवट घट्ट केलेलं वनस्पती तूप. ते एलडीएल वाढवतं आणि एचडीएल (‘चांगलं’ कोलेस्टेरॉल) उतरवतं. जानेवारी २०२२ पासून आपल्याकडे तेला-तुपात त्याची मर्यादा २ टक्के आहे.

कढईतला धोका दुसरा. पदार्थातलं पाणी साखळ्या कण्यापासून सोडवतं, त्यामुळे धूर लवकर सुटतो. ऑक्सिजन त्यांना तोडतो आणि एकमेकींना जोडतो, त्यामुळे तेल दाटतं, चिकट होतं, फेस विरत नाही. या सगळ्या बिघाडाचं माप म्हणजे ‘पोलर’ घटक. १ जुलै २०१८ पासून ते २५ टक्क्यांवर गेलेलं तेल वापरायला बंदी आहे. घरी मोजता येत नाही, पण धूर, न विरणारा फेस आणि कढईच्या कडेला बसणारा चिकट थर, यातलं एकही दिसलं तर तेल संपलं समजा.

तळणीला सोयाबीनपेक्षा शेंगदाणा तेल बरं, कमकुवत सांधे कमी म्हणून. कढई अरुंद आणि खोल घ्या, म्हणजे हवेला कमी तोंड मिळतं. १७० ते १८० अंश पुरे. मीठ नंतर भुरभुरवा. बेसनाचा चुरा जळत राहिला तर तेल सर्वांत लवकर जातं, तेव्हा झाऱ्याने सारखा काढा आणि गार झाल्यावर कापडातून गाळा. उरलेलं दोन-तीन दिवसांत फोडणीत संपवा. जुन्यात नवं मिसळू नका. आणि दिवाळीचं तेल गराडूपर्यंत ठेवणं, ते नकोच.

तुपातल्या छोट्या साखळ्या थेट यकृतात जाऊन जळतात, म्हणून तूप अंगाला लागत नाही. बरोबर?
— एक वाचक, महू

पाव बरोबर. दहा कार्बनपर्यंतच्या साखळ्या आतड्यातून सरळ यकृताकडे जाणाऱ्या शिरेत जातात आणि लवकर जळतात. तुपात अशा सगळ्या मिळून दहा टक्क्यांच्या आसपास. उरलेल्यांचं आतड्यात पुन्हा ट्रायग्लिसराइड होतं, कायलोमायक्रॉन नावाच्या कणांत भरून ते लसिकेतून फिरून मानेजवळच्या शिरेत रक्तात उतरतं, आणि त्यातलं पामिटिक व मिरिस्टिक एलडीएल वाढवतं. एका छोट्या चमच्यात ३ ग्रॅम संतृप्त चरबी. २००० कॅलरीला दिवसाची मर्यादा २२ ग्रॅम, त्यात दूध, पनीर, मावा सगळं आलं. वरणभातावर चमचाभर तुपाला आमची हरकत नाही.

रात्री सराफ्यातल्या खाऊगल्लीत खाल्लं आणि सकाळी लिपिड प्रोफाइल दिलं. रिपोर्ट धरावा का?
— एक वाचक, राजवाड्याजवळून

किती वाजता खाल्लं त्यावर आहे. जेवणातले कायलोमायक्रॉन तीन-चार तासांनी रक्तात सर्वांत जास्त असतात आणि पूर्ण निघून जायला दहा-बारा तास लागतात. रात्री बाराला मालपुवा-रबडी आणि सकाळी सातला सुई, म्हणजे सातच तास. ट्रायग्लिसराइड फुगलेलं येईल.

त्याहून फसवा एलडीएलचा आकडा. पुष्कळ ठिकाणी तो मोजत नाहीत, काढतात : एकूण कोलेस्टेरॉल वजा एचडीएल वजा ट्रायग्लिसराइड भागिले पाच. एकूण २००, एचडीएल ४०, ट्रायग्लिसराइड १५० असेल तर एलडीएल १३०. बाकी आकडे तेच ठेवून ट्रायग्लिसराइड २५० झालं तर कागदावर एलडीएल ११०, म्हणजे खाऊन गेल्यावर उलट सुधारल्यासारखं दिसतं. ४०० च्या वर तर हे सूत्र चालतच नाही, तिथे थेट मोजलेलं एलडीएल मागा.

बारा तास पाण्याशिवाय काही नको, आदल्या दिवशी दारू नको. ते जमलं नसेल तर तारीख पुढे ढकला. डॉक्टरांनी उपाशीपोटी नको असं मुद्दाम सांगितलं असेल तर गोष्ट वेगळी, पण मग शेवटचं खाणं किती वाजता झालं ते चिठ्ठीवर लिहायला सांगा.